पुढचा ठिपका दोन बोटे वर

रावजी कुठल्याही गोष्टीकडे तीनदा पाहत. एकदा समोरून, एकदा वरून आणि एकदा डावीकडून. मद्रासजवळच्या आवडी या गावी, संरक्षण कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली होती. यंत्राचा सुटा भाग कागदावर उतरवायचा तर या तीन बाजू लागतात म्हणे. पण निवृत्त झाल्यावरही ती खोड सुटली नाही. भाजीच्या गाडीवर सुरण घेताना ते आधी समोर उभे राहत, मग टाचा उंचावून वरून बघत, मग वळसा घालून डावीकडे जात. घरी आलेल्या माणसालाही तेच. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा ते माझ्या खुर्चीभोवती फिरले, माझ्या डाव्या कानाकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बस, बस. दिसलीस." काय दिसले ते त्यांनी सांगितले नाही. पुढेही कधी नाही.

आमच्या वसाहतीत मराठी दोन तऱ्हेची होती. एक आमची, बाबांच्या बदलीबरोबर नागपूरहून आलेली. दुसरी रावजींची, कित्येक पिढ्यांमागे तंजावरला जाऊन तिथेच राहिलेली. आईला ती ऐकताना पोथी ऐकल्यासारखे वाटे आणि मला तमिळ ऐकल्यासारखे. "आणिक वाढ", "मज नको" असे ते सहज बोलत, पण हिशेब तमिळमध्ये करत आणि रागावतही तमिळमध्येच. मी एकदा विचारले तर म्हणाले, "मराठीत फक्त देवाशी आणिक बायकोशी बोलायचं. दोघांवरही रागावून भागत नाही." त्यांची बायको तेव्हा जाऊन बरीच वर्षे झाली होती. हे विनोदाने घ्यायचे की गप्प बसायचे, मला कळले नाही. रावजींच्या बाबतीत माझे नेहमीच असे होई.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा युनियनचे. बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, आणि वाचायला शिकले ती दुसऱ्या बाजूवर. त्यामुळे जग कसे आहे यापेक्षा ते कसे असायला हवे हे मला आधी कळले. कॉलेज संपल्यावर आम्ही काही जण मद्रासच्या उत्तरेला, एन्नोरच्या कोळीवाड्यांत काम करू लागलो. तिथे वीजप्रकल्पांची राख खाडीत उतरते आणि बंदराकडे जाणाऱ्या अवजड लॉऱ्यांनी वाड्यापर्यंतचा रस्ता पार खाऊन टाकला आहे. आमची मागणी साधी होती. रस्ता द्या.

सेल्वीअक्काची आणि माझी ओळख तिथलीच. तिच्याकडे एक जुनी पिकअप होती. किनाऱ्यावरच्या बायकांचे मासे बर्फात घालून ती हमरस्त्यापर्यंत न्यायची, आणि तिथून खरेदीदारांच्या गाड्या माल उचलायच्या. वाड्यावरची तेवढी एकच गाडी. ती बंद पडली की एक दलाल स्वतःची लॉरी घेऊन थेट वाळूवर यायचा आणि म्हणेल तो भाव द्यायचा. मासा थांबत नाही, बायकांना द्यावाच लागायचा. आणि गाडी सारखी बंद पडायची. तिची पुढची दोन चाके सुटी सुटी होती, प्रत्येक चाक स्वतःच्या नाजूक दांड्यांवर. शहरातल्या रस्त्यावर ते छान, पण इथे एकेका खड्ड्यात दांडी वाकायची. मासेमारीबंदीचे दिवस सुरू झाले तेव्हा गाडी बर्फाच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. बंदी उठली की मासळीचा लोंढा येतो. तोवर ती उभी राहिली नाही तर यंदाचा सगळा हंगाम दलालाचा, हे वाड्यावर प्रत्येकीला ठाऊक होते. गाडी विकून टाकावी, असे सेल्वीअक्का बोलू लागली होती.

मी रावजींना विचारले. "नाही," ते म्हणाले. "जमणार नाही. मी कागदाचा माणूस." दुसऱ्या दिवशी ते बेसिन ब्रिज स्टेशनवर लोकल बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात मोजपट्टी आणि दहीभाताची पिशवी घेऊन एन्नोरला हजर. शेडच्या दारात त्यांनी कापूर लावलेला रुमाल नाकाला बांधला. माशांचा वास त्यांना सोसत नसे. मी आतल्या आत पेटले. या सोवळेपणावर एक अख्खे पत्रक माझ्या डोक्यात तयार झाले. तेवढ्यात त्यांनी रुमाल वर करून सेल्वीअक्काने दिलेले ताक तिच्याच लोट्यातून घटाघट प्यायले, "अजून आहे का?" विचारले आणि रुमाल परत खाली ओढला. माझे पत्रक तिथेच बारगळले.

मग ते गाडीभोवती फिरले. समोरून, डावीकडून, आणि वरून बघायला सेल्वीअक्काकडून स्टूल मागून घेतले. उतरल्यावर म्हणाले, "सुटी चाकं काढा. पुढं एकच अॅक्सल घालू. अखंड. या टोकाला एक चाक, त्या टोकाला दुसरं, मधे जाड तुळई. बैलगाडीचा आख असतो तसा. वर पाटे, लॉरीला असतात तसल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. जुन्या जीपला असा अॅक्सल असायचा. भंगारात मिळेल."

"नवा घ्यायला पैसे नाहीत, सार," सेल्वीअक्का म्हणाली.

"नवा चांगलाही नसतो."

मला हे पटले नव्हते, आणि मी ते तिथेच सांगितले. खड्डे सरकारी आहेत. खड्ड्यांना पुरून उरेल अशी गाडी आपण आपल्या खर्चाने करायची, म्हणजे खड्डे मान्य करायचे. ही शरणागती आहे. रस्ता बदलला पाहिजे, गाडी नाही.

रावजींनी शांतपणे ऐकून घेतले. "बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? तू रस्ता कर. मी अॅक्सल करतो. तुझं आधी झालं तर माझं फुकट जाईल. जाऊ दे."

हे माझ्या बाजूचे होते की विरुद्ध, त्याचा विचार मी परतीच्या गाडीत आवडीपर्यंत केला. ते समोर बसून डुलक्या घेत होते.

तरी त्या अखंड अॅक्सलने मला हळूहळू भुरळ घातली हे खरे. सुटी चाके म्हणजे ज्याचे त्याने बघावे; अखंड अॅक्सल म्हणजे एकाला बसलेला धक्का दुसऱ्यालाही कळतो. एकजुटीची याहून चांगली उपमा कुठली? मी एका बैठकीत पत्रक लिहून काढले आणि रावजींना दाखवायला नेले. त्यांनी लाल पेन्सिल काढून आधी माझी ऱ्हस्वदीर्घे नीट केली. मग वर बघून म्हणाले, "म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याचेही हाल. हे चांगलं का?"

"चांगलं म्हणजे... ती भावना—"

"पोरी, लोखंड आहे ते. त्याला भावना लावू नकोस, गंजेल."

मी पत्रक तिथेच फाडले. आठवड्याने बघते तर त्याचा एक तुकडा त्यांच्या भिंतीवर टाचणीने लावलेला. 'एकाला बसलेला धक्का' एवढेच शब्द, लाल पेन्सिलने सुधारलेले.

रस्त्यासाठी आम्ही धरणे धरले त्या दिवशीही असेच. आंदोलनांविषयी रावजींचे मत सगळ्या वसाहतीला ठाऊक होते. युनियनच्या संपातही ते ड्रॉइंग ऑफिसच्या पायरीपर्यंत जाऊन, दार बंद बघून, तिथेच डबा खाऊन घरी येत. आम्ही त्यांना बोलावलेही नव्हते. दुपारी उन्हाचा कहर झाला तेव्हा ते छत्री घेऊन आले आणि लॉऱ्यांच्या रांगेसमोर बरोबर रस्त्याच्या मधोमध बसले. पोलीस अधिकारी अदबीने म्हणाला, "सार, तुम्ही मोठे आहात. या मुलांमध्ये तुम्ही कशाला?"

"मी त्यांच्यात नाही," रावजी म्हणाले.

"मग उठा ना, सार."

"का? बसायला बंदी आहे का? मी नुसता बसलोय."

पोलिसाने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले. सगळे पांगले तरी रावजी छत्रीखाली बसूनच होते, आणि शेवटी सेल्वीअक्काने "सार, वेल्डर आलाय" असे सांगितल्यावर उठले.

वेल्डर मुरुगन. गुळगुळीत डोक्याचा, तोंडाळ माणूस. त्याने भंगारवाड्यातून जुन्या जीपचा पुढचा अॅक्सल, स्टीअरिंगची पेटी आणि पाट्यांची जोडी भाड्याच्या तीनचाकीत घालून आणली होती. "सार, या अॅक्सलचं वय तुमच्याएवढं आहे," तो म्हणाला. रावजींनी अॅक्सलकडे तिन्ही बाजूंनी पाहून घेतले. "मग अजून चालेल," ते म्हणाले.

परवानगीसाठी ते परिवहन कार्यालयातही जाऊन आले. "ते म्हणतात, आधी करून आणा, मग पाहू. मी म्हणालो, आधी पाहा, मग करतो." मग? "मग चहा प्यायलो. त्यांनीच पाजला."

कागदावरच्या छोट्या चित्रावरून मुरुगनला काम जमेना. म्हणून रावजींनी शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर, गाडीशेजारी, खडूने खऱ्या मापाचे चित्र काढले. डावीकडून दिसते तसे. गाडीचा सांगाडा, त्याखाली पाटा, आणि पाट्याची दोन टोके सांगाड्याला जिथे अडकणार तिथल्या भोकांसाठी दोन ठळक ठिपके. पुढचा ठिपका मागच्यापेक्षा दोन बोटे वर होता. मी विचारले, वाकडे का?

"तू सायकल हात सोडून चालवलीस कधी?"

"हो."

"पडली नाहीस. का? पुढचा चिमटा मागं रेललेला असतो. तो उभा ठेवला असता तर चाकाला सरळ म्हणजे काय ते कळलंच नसतं. इथंही तेच. पुढचा ठिपका वर, म्हणून पाटा तिरका, म्हणून अॅक्सल किंचित मागं रेलेल. मग वळून झाल्यावर हात सोडला की चाक आपलं आपण सरळ होतं." मग हाताचा खडू झटकत म्हणाले, "याचं पत्रक करू नकोस."

दुसरा दिवस शुक्रवार. शुक्रवारी सेल्वीअक्का शेड पाणी मारून धुते, देवीसमोर दिवा लावते आणि जमिनीवर कोलम काढते. तांदळाच्या पिठाचे ठिपके, आणि त्यांच्याभोवती वळत जाणारी रेघ. आपल्या रांगोळीचीच बहीण. मी त्या दिवशी लवकर पोचले होते. रावजींच्या चित्राला धक्का लागू नये म्हणून ती त्याच्या कडेकडेने धूत होती. पण बर्फाच्या ढिगाखालून ओघळ आला आणि खडूचे दोन्ही ठिपके घेऊन गेला. "अय्यो," ती म्हणाली, आणि क्षणात खाली बसून तिने ते पिठाने परत घातले. चिमटीतून, न मोजता, तिच्या हाताच्या सवयीने. बरोबर एका ओळीत. कोलममधल्या ठिपक्यांची ओळ अशी मोडायची नसते. तिच्या आईने, आजीने कधी मोडली नव्हती. वर तिने दोघांभोवती एक वेटोळेही घातले. छान दिसत होते. मीही तसे म्हणाले.

मग रावजी आले. मुरुगन यायला अजून अवकाश होता. त्यांनी रुमाल बांधला आणि चित्रासमोर उभे राहिले. मग स्टुलावर चढून वरून पाहिले. मग डावीकडे गेले आणि तिथे खूप वेळ राहिले. चष्मा काढून पुसला, परत लावला. मुरुगन आला तेव्हा त्यांनी चित्राकडे बोट केले आणि म्हणाले, "सरी, ठीक. कर." मुरुगनने पिठाच्या ठिपक्यांवरून माप घेतले आणि भोके पाडली.

बंदी उठायच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी विटांवरून खाली उतरली. समोरून ती आता बैलासारखी दिसत होती, खांदे वर काढलेली. वाड्यावरच्या बायका जमल्या होत्या. दलालाचा माणूस आदल्याच दिवशी येऊन गेला होता आणि बायकांनी त्याला तोंडावर सांगितले होते की यंदा वाळूवर लॉरी आणू नकोस. आता मागे फिरायला जागा नव्हती. सेल्वीअक्काने गाडीला नमस्कार केला, चाकांखाली लिंबे ठेवली, ती चिरडत गाडी शेडबाहेर काढली. गाडी खड्डे पचवत सुटली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वळण आले, गाडी वळली, आणि वळतच राहिली. सेल्वीअक्का चाक ओढून सरळ करायची, की गाडी दुसरीकडे भटकायची. तिकडून आणायची, की पुन्हा इकडे. शेवटी ती जाळ्यांच्या ढिगात जाऊन थांबली. खाडीचे पाणी तिथून जेमतेम गाडीभर अंतरावर.

टाळ्या थांबल्या. सेल्वीअक्का उतरली. "रावजी सार," ती ओरडली, "हिला सरळ आठवतच नाही! उद्या मी मासे नेऊ की मढी?"

मुरुगन मला हळूच म्हणाला, "मी ठिपक्यांवरच भोकं पाडली, काय?" आणि तेव्हा मला ते पिठाचे ठिपके आठवले. एका ओळीतले. मी तोंड उघडले. "रावजी, ते ठिपके तर—"

"पोदुम्," ते म्हणाले. पुरे. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा तमिळमध्ये, "ड्रॉइंग माझं. चूक माझी."

आणि त्यांनी दहीभाताची पिशवी उघडली. डबा काढून बाजूला ठेवला. त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन लोखंडी पाचरी होत्या. एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळत्या, मधोमध भोक, कडा नीट घासलेल्या. पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये एकेक बसवली की अॅक्सल मागे रेलणार होता, जेवढा रेलायला हवा तेवढा. भोके पुन्हा पाडायची गरज नव्हती. मुरुगनने पाचरींकडे पाहिले, रावजींकडे पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता गाडीखाली शिरला.

दुपारी गाडी पुन्हा निघाली. वळणावर सेल्वीअक्काने घाबरत हात सैल केले. चाक तिच्या तळव्यांखालून सरकत गेले आणि सरळ होऊन थांबले. ती इतकी हसली की तिला गाडी थांबवावी लागली. दुसऱ्या दिवशी वाळूवर दलालाची लॉरी आली ती रिकामीच परतली.

रावजी त्या दुपारी शेडबाहेर बसून दहीभात खात होते. परतीच्या गाडीत मी त्यांना सोडले नाही. पाचरी तुम्ही घरूनच तयार करून आणल्या होत्या, म्हणजे तुम्हाला शुक्रवारीच कळले होते. हो ना? मग तेव्हाच का नाही सांगितले? सेल्वीअक्का खाडीत गेली असती तर?

ते खिडकीबाहेर बघत होते. "तू कुठून बघतेयस?"

"म्हणजे?"

"डावीकडून बघतेयस. आता वरून बघ." आणि त्यांनी डोळे मिटले. झोपले नव्हते. झोपलेला माणूस एवढा ताठ बसत नाही.

मी वरून पाहिले, समोरूनही पाहिले. मुरुगनचे म्हणणे, यात काही गूढ नाही; जुना अॅक्सल नव्या जागी बसवताना पाचर लागतेच, शहाणा माणूस आधीच करून ठेवतो. सेल्वीअक्काला ठिपक्यांचे पुढे कळलेच; तिचे म्हणणे, शुक्रवारचे कोलम पुसायला सारांचा हात धजला नाही, आणि तिची चूक तिला चारचौघींत कळू नये म्हणून ते गप्प राहिले. मला वाटते, त्यांना शुक्रवारी दिसलेच नसेल. घरी जाऊन रात्रभर तळमळले असतील, आणि म्हाताऱ्याच्या अहंकाराने त्यांना पाचरी दडवायला लावले असेल. मग 'चूक माझी' का म्हणाले? अहंकारी माणूस असे म्हणत नाही. आणि दयाळू माणूस बाईला बिघडलेली गाडी चालवू देत नाही. ड्रॉइंगमध्ये तीन चित्रे जोडली की एक वस्तू तयार होते. रावजींची माझ्याकडची तीन चित्रे जुळत नाहीत.

पावसाळ्यानंतर त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. फोनवर ते गाडीविषयी कधी विचारत नसत. विचारायचे ते रस्त्याविषयी. "झाला का तुझा?" एकदा एक मोठे साहेब येणार म्हणून थोडा तुकडा झाला, आणि लॉऱ्यांनी तो परत उखडला, हे सांगितले तर म्हणाले, "मग सोडू नकोस. माझा अॅक्सल किती दिवस टिकणार?" आणि पुण्याविषयी, "इथं सगळे मराठी बोलतात. फार भरभर. मज काही कळत नाही. विचारतात, तुम्ही मद्रासचे का? मी म्हणतो, छे, आवडीचा."

ते गेल्याचे त्यांच्या मुलाने कळवले तेव्हा मी एन्नोरला निघाले. फोनवर सांगण्यासारखे ते नव्हते. सेल्वीअक्काने ऐकले, थोडा वेळ बर्फावर पोते पसरत राहिली, मग आत गेली. त्या दिवशी तिने दारात काही काढले नाही.

पण परवाच्या शुक्रवारी मी गेले तेव्हा शेडसमोर कोलम होते. ठिपक्यांच्या ओळी सुतात, वेटोळी सुरेख. आणि पहिल्याच ओळीत, पुढचा एक ठिपका दोन बोटे वर. त्याला वळसा घालताना रेघ जरा तिरकी गेली होती. एक शेजारीण जाताजाता म्हणाली, "सेल्वी, चुकलंय बघ तुझं." सेल्वीअक्का म्हणाली, "असू दे. ते तसंच असतं."

मी कोलमसमोर उभी राहिले. मग टाचा उंचावून वरून पाहिले. मग वळसा घालून डावीकडे गेले.

"काय दिसलं, तंगच्ची?" तिने विचारले. धाकट्या बहिणीला म्हणतात तसे ती मला म्हणते.

"काही नाही."

"मग चढ गाडीत. बर्फ वितळतोय."

गाडी निघाली. खड्ड्याखड्ड्यांतून, दोन्ही चाकांना एकच धक्का देत. वळण आले. सेल्वीअक्काने चाक फिरवले आणि हात सोडून अंबाडा नीट करायला घेतला. चाक आपले आपण सरळ झाले.